परक्या इंजिनाचा सेल्फ : जुन्या ट्रकाच्या वायरिंगची चिकित्सा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचे शब्दांकन)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा इतिहास ह्या विषयांवर विद्वानांची भाषणे होत आली आहेत. त्या परंपरेत आजच्या भाषणाचा विषय ‘सेल्फ’ आहे असे वाचून कोणी आत्मज्ञानाच्या अपेक्षेने आले असल्यास त्यांची थोडी निराशा होईल. मी बोलणार आहे तो सेल्फ मोटारीचा. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारा. तरीही आत्मज्ञानाशी त्याचे एक साम्य आहे : तो आपले काम नीट करीत असतो तोवर त्याची आठवण कोणालाही होत नाही.

हा विषय बेंगळूरच्या मराठी श्रोत्यांपुढे मांडण्यात अनौचित्य नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात ह्याच शहरी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. मोटारींचा कारखाना काढण्याचे त्यांचे स्वप्न त्याआधीचे. ते प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने १९४४ मध्ये आकाराला आले, आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने डॉज, डिसोटो आणि फार्गो ह्या नावांचे ट्रक बाहेर पडू लागले. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये विजेच्या मोटारींचा कारखाना येथे काढला, आणि पुढे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपणां सर्वांची ‘मायको’, येथे आली. ह्या कारखान्यांच्या ओढीने आपल्यापैकी कितीतरी घरांचे बिऱ्हाड येथे हलले. तेव्हा यंत्र हा आपल्या येथील वास्तव्याच्या इतिहासाचाच एक भाग होय.

त्या काळचे डॉज-फार्गो ट्रक आज फार थोडे उरले आहेत. जे उरले त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात मूळचे पेट्रोल इंजिन नाही. इंग्लंडातल्या पीटरबरो गावी फ्रँक पर्किन्स ह्यांनी १९३२ मध्ये कंपनी काढली. तिचे सहा सिलिंडरांचे ‘पी-६’ हे डिझेल इंजिन पेट्रोल ट्रकांत बदली बसविण्यासाठी जगभर वापरले गेले. पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने भारतात बनविण्यास आरंभ केला, आणि पेट्रोलपेक्षा डिझेलचा खर्च परवडतो हे पाहून मालकांनी आपापल्या गाड्यांची इंजिने बदलून घेतली. त्यानंतर दुसरे, तिसरे इंजिनही आले. अशा रीतीने एका गावची चासी, दुसऱ्या गावचे इंजिन आणि तिसऱ्याच कोणा गाडीचा सेल्फ, असा संसार एका बॉनेटखाली नांदू लागला. तो सुखाने नांदावा म्हणून काय केले पाहिजे, हे सांगण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

प्रथम सेल्फ म्हणजे काय ते पाहू. १९१२ पूर्वी गाडी सुरू करणे म्हणजे पुढे हँडल घालून ती फिरविणे. इंजिन उलट झटका देई आणि मनगट मोडे. म्हणूनच जुने ड्रायव्हर नवशिक्याला बजावीत, की अंगठा हँडलभोवती वळवू नकोस, तो बोटांच्याच बाजूला ठेव. ह्या संकटातून सुटका केली ती अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग ह्यांनी. त्यांनी त्यापूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसविली होती. लहानशी मोटर सतत चालवायची नसेल, क्षणभरच राबवायची असेल, तर तिच्याकडून तिच्या कुवतीच्या कितीतरी पट काम करवून घेता येते, हे त्यांनी त्या कामात ओळखले होते. तेच तत्त्व त्यांनी मोटारीला लावले, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा सेल्फ आला.

‘क्षणभर’ हा शब्द लक्षात ठेवा. हा क्षणभराचा पराक्रम फार मोठ्या प्रवाहावर चालतो. घरातील दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. पेट्रोल गाडीचा सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो, आणि डिझेल ट्रकाचा त्याहून पुष्कळ अधिक. कारण उघड आहे. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सुमारे सात पट दाबली जाते, तर डिझेलमध्ये सोळापासून बावीस पटींपर्यंत. म्हणून पहिला नियम असा : सेल्फ हा गाडीचा नव्हे, इंजिनाचा सोयरा आहे. इंजिन बदलले की त्याच्या फ्लायव्हीलच्या दात्यांशी जुळणारा, त्याच इंजिनाचा सेल्फ हवा. जुन्या ट्रकाचा पेट्रोल सेल्फ डिझेलला जुंपू नये.

आता वायरिंगकडे वळू. सेल्फच्या वायरिंगचे दोन वेगळे मार्ग असतात. पहिला राजमार्ग : बॅटरीच्या एका टोकापासून जाड केबल सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत, तेथून मोटरीत, मोटरीच्या अंगातून इंजिनात आणि इंजिनापासून चासीमार्गे पुन्हा बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. दुसरी पाऊलवाट : बॅटरीपासून किल्लीपर्यंत आणि किल्लीपासून सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलपर्यंत. पाऊलवाटेवरून निरोप जातो, राजमार्गावरून सैन्य जाते. निरोप पोहोचला की सोलेनॉइड दोन कामे करतो : पिनिअन पुढे सारून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवितो, आणि राजमार्गाचा दरवाजा उघडतो. सेल्फ चालत नाही ह्या तक्रारीचे निदान करताना प्रथम विचारावे, की निरोप पोहोचला नाही, की सैन्य वाटेत अडले?

हे ओळखण्यास कानच पुरे आहेत. रात्री हेडलाइट लावावे आणि किल्ली फिरवावी. आवाज मुळीच आला नाही आणि दिवेही मंदावले नाहीत, तर बहुधा निरोपच पोहोचला नाही. पाऊलवाट तपासा. एकच ‘टक्’ आवाज आला आणि दिवे तसेच राहिले, तर निरोप पोहोचला, पण सोलेनॉइडचे आतले तांबे जळाले असेल किंवा मोटरीचे कार्बन झिजले असतील. ‘टक्’ होऊन दिवे एकदम विझू लागले, तर मोटर किंवा इंजिन अडकलेले असेल. आणि ‘टकटकटक’ असा सपाटा सुरू झाला, तर बॅटरी उतरली आहे किंवा राजमार्गात कोठेतरी अडथळा आहे. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर प्रवाह मागते, तो देताना व्होल्ट कोसळतात, सोलेनॉइड सुटतो, व्होल्ट पुन्हा चढतात, आणि हे चक्र चालू राहते.

इंजिन बदललेल्या गाडीत अडथळ्याची सर्वांत मोठी शंका कोठे घ्यावी? अर्थिंगवर. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसते आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि चासी ह्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी मूळ इंजिनाबरोबर उतरते आणि बरेचदा नव्याला लावायची राहून जाते. मग प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो. अ‍ॅक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची केबल, जी वस्तू इंजिनाला व बॉडीला एकाच वेळी शिवत असेल तीतून तो निघतो. माझ्या पाहण्यात चामराजपेठेतील एका स्नेह्यांचा फार्गो आला. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबे. बॅटरी नवी, सेल्फही दुरुस्त करून आणलेला. तरी फरक नाही. तिसऱ्या खेपेस अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेच्या आवरणातून धूर निघाला, आणि त्या धुरानेच निदान सांगितले. इंजिनाला पट्टी होती, पण ती चासीच्या ताज्या रंगावर आवळलेली होती. रंग खरवडून लोखंड उघडे केले, पट्टी पुन्हा आवळली, आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात बोलले.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. टेस्ट लँप लावला असता त्या सदोष जोडावरही दिवा लखलखीत पेटला असता. केबलीच्या शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी दिव्यापुरता प्रवाह तीतून जातो. सैन्य मात्र जाऊ शकत नाही. हिशेब सोपा आहे. जोडाचा रोध अवघा एक शतांश ओहम असला, तरी तीनशे अँपिअर वाहताना तेथे तीन व्होल्ट खर्ची पडतात. बारातून तीन गेले, उरले नऊ. म्हणून सेल्फची परीक्षा विश्रांतीत घेऊ नये, ओझ्याखाली घ्यावी. ती अशी :

विसावलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर १२·६ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. सहकाऱ्याने सेल्फ मारीत असता तो साडेनऊच्या खाली जाऊ नये. गेला तर आधी बॅटरी चार्ज करून तपासावी. तो ठीक असेल तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटावर व दुसरे सेल्फच्या जाड टर्मिनलवर ठेवावे. सेल्फ चालू असता येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसू नये. मग एक टोक सेल्फच्या अंगावर व दुसरे बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर. येथेही तोच नियम. जेथे आकडा मोठा, तेथे दोष. ह्या तीन मोजमापांना पाच मिनिटे लागतात, आणि निदानावाचून सेल्फ, बॅटरी व सोलेनॉइड एकामागून एक बदलण्याचा खर्च वाचतो. मोजण्याआधी काहीही विकत घेऊ नये, हा माझा दुसरा नियम.

आता पाऊलवाट. जुन्या डॉज-फार्गोंपैकी अनेकांत सेल्फ पायाने दाबायचा असे. पायाच्या दांड्याने सेल्फवरील जाड स्विच थेट मिटे. डॅशबोर्डवरील किल्लीला ‘स्टार्ट’ हे घरच नव्हते. नव्या इंजिनाच्या सेल्फला मात्र विजेचा निरोप लागतो. मग डॅशबोर्डला भोक पाडून एखादे हॉर्नचे बटण बसविले जाते. सोलेनॉइड ओढला जाताना काही क्षण चाळीस-पन्नास अँपिअरही मागतो, हे त्या बटणाला कोणी सांगितलेले नसते. ते जळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे आतल्या आत चिकटते, आणि बोट काढले तरी सेल्फ फिरतच राहतो. उपाय स्वस्त आहे : मध्ये एक रिले घालावा. बटण रिलेला निरोप देईल, रिले सोलेनॉइडला.

काही सोलेनॉइडांवर दोन लहान टर्मिनले असतात. एक निरोपाचे. दुसरे पेट्रोल इंजिनाच्या कॉइलला सेल्फ मारताना पुरे व्होल्ट देण्याचे. डिझेलला कॉइलच नाही, म्हणून दुसरे रिकामेच ठेवायचे. जुन्या वायरिंगमधली कॉइलची वायर चुकून निरोपाच्या टर्मिनलवर बसली, तर किल्ली उघडताच सेल्फ सुरू होईल आणि किल्ली बंद करीपर्यंत थांबणार नाही.

तिसरी गोष्ट व्होल्टांची आणि ध्रुवांची. क्रायस्लर घराण्यातील गाड्यांत १९५५ पर्यंत बहुधा सहा व्होल्टची बॅटरी असे आणि तिचे धन टोक चासीला जोडलेले असे. आजची रीत बारा व्होल्टची, ऋण टोक चासीला जोडण्याची. बदललेल्या इंजिनावर अल्टरनेटर असेल आणि बॅटरी जुन्या रीतीने लावली, तर त्यातील डायोड तत्क्षणी जळतात. सेल्फचे वर्तन गमतीचे आहे. जुन्या सेल्फमध्ये चुंबकही तारेच्या वेटोळ्यांचे असतात. बॅटरी उलटी लावली तर वेटोळी आणि आर्मेचर दोन्ही उलटतात, म्हणून फिरण्याची दिशा तीच राहते. नव्या लहान सेल्फमध्ये कायमचे चुंबक असतात. तेथे बॅटरी उलटली की मोटर उलटी फिरते. ‘नवा सेल्फ आणला, घरघरतो, पण इंजिन पकडत नाही’ ही तक्रार आली, तर आधी बॅटरीचे टोक पाहावे.

अल्टरनेटर आल्यावर आणखी एक काळजी. जुन्या डॅशबोर्डवरील अँपिअर-मीटरमधून सेल्फखेरीज गाडीचा सारा प्रवाह जातो. त्याची वायर लहानशा डायनॅमोच्या मानाने ओढलेली असते. मोठा अल्टरनेटर तिला तापवितो. तेथे जाड वायर आणि फ्यूज हवा. सेल्फच्या राजमार्गावर मात्र बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतोच. म्हणून ती केबल एग्झॉस्टपासून दूर, चासीच्या धारेवर न घासेल अशी, पकडींनी बांधून न्यावी. नवे इंजिन आले की सेल्फ पुष्कळदा दुसऱ्या बाजूला येतो, आणि जुनी आखूड केबल ताणून, जोड मारून नेण्याचा मोह होतो. तो आवरावा. घासलेल्या केबलीने चासी गाठली, तर बॅटरीची सारी शक्ती त्या एका बिंदूत उतरते आणि गाडी पेटते.

श्रोतेहो, आतापर्यंत सांगितले ते पैशाच्या आणि वेळेच्या नुकसानीचे. आता सांगतो ते जिवाचे आहे, आणि ह्या भाषणातील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी एवढे राहू द्या.

पेट्रोल गाडीच्या कारागिराला हातची एक सवय असते. किल्ली बंद ठेवायची, चाकाशेजारी उभे राहायचे आणि स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन टर्मिनल जोडून सेल्फ फिरवून पाहायचा. किल्ली बंद असली की ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, हा त्याचा विश्वास पेट्रोलपुरता खरा आहे. पण डिझेलला ठिणगी लागतच नाही. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला किल्लीची पर्वा नसते. त्याची बंद करण्याची दांडी ओढून ठेवलेली नसेल, तर स्क्रू-ड्रायव्हर टेकताच ते सुरू होते. ट्रक गिअरमध्ये असेल, तर तो चालू लागतो, आणि स्क्रू-ड्रायव्हर धरणारा मनुष्य त्याच्या चाकापुढे असतो. बाहेरून गाडी तीच जुनी पेट्रोलची दिसते, आत इंजिन दुसरे आहे. धोका ह्या विसंगतीत आहे.

म्हणून तपासणीपूर्वी क्रम हाच : गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे स्वतः हाताने हलवून पाहणे, हँडब्रेक ओढणे, चाकांना पुढून-मागून दगड अथवा ठोकळे लावणे, इंजिन बंद करण्याची दांडी ओढून बांधून ठेवणे, आणि सेल्फ मारणारा माणूस ड्रायव्हरच्या जागेवर बसविणे. बोटातील अंगठी व मनगटावरील धातूचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी व चासी ह्यांच्यामध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते. बॅटरी सोडविताना चासीला जोडलेले टोक, मग ते धन असो वा ऋण, आधी काढावे आणि लावताना शेवटी लावावे. आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीजवळ काडी ओढू नये, कारण तीतून हायड्रोजन निघत असतो.

किल्ली बंद करताच डिझेल थांबावे अशी इच्छा असेल, तर पंपाला विजेचे बंद-सोलेनॉइड बसविता येते. त्यासाठी जुन्या कॉइलची वायर वापरण्यास हरकत नाही, मात्र तिच्या वाटेत रोधक असल्यास तो वगळावा. नाहीतर सोलेनॉइडला अर्धेच व्होल्ट मिळतील.

कायद्याबद्दलही दोन शब्द. इंजिन बदलणे हा गाडीतील फेरफार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम अशा फेरफारांसंबंधीच आहे, म्हणून काम हाती घेण्यापूर्वी नोंदणी कार्यालयात विचारणा करावी व नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्यावा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अट आहे. तेव्हा मूळचे पेट्रोल इंजिन सापडले, तर ते भंगारात घालण्यापूर्वी दहादा विचार करा. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत आणि शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात हिंडणाऱ्यांना ठाऊक आहे, की भंगारात घालायला एक दिवस पुरतो, शोधायला वर्षे लागतात.

शेवटची विनंती सर्वांत सोपी आहे. ज्याने इंजिन बदलले त्याच्या डोक्यात त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा असतो. तो मनुष्य गेला की नकाशा गेला. लाल वायर कोठून आली, हे मग कोणी सांगू शकत नाही. म्हणून काम पुरे होताच एका जाड कागदावर आकृती काढा. बॅटरी किती व्होल्टची, कोणते टोक चासीला, सेल्फ कोणत्या इंजिनाचा, रिले कोठे, फ्यूज किती अँपिअरचा, आणि ठळक अक्षरांत ‘हे इंजिन डिझेलचे आहे, किल्लीने थांबत नाही’. हे मराठीत लिहा आणि कानडीतही लिहा, कारण उद्या त्या बॉनेटखाली वाकणारा हात बहुधा कानडी मुलाचा असेल, आणि त्याचा जीव आपल्या मुलाइतकाच मोलाचा आहे. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवा.

आपण सर्व एका मुलखातून दुसऱ्या मुलखाच्या चासीवर येऊन बसलेली माणसे आहोत. अशा माणसांचेही नव्या भूमीशी अर्थिंग पक्के हवे, रंगावरून नव्हे, धातूला धातू भिडवून. ते असेल तर शक्ती वाया जात नाही. गेली पन्नास वर्षे आपल्या मंडळाने हे काम केले, म्हणून त्याच्या महोत्सवात एका कारागिरी विषयाला जागा मिळाली.